मुलांच्या पायाचं माप घरी घेणे : शाळेचे बूट, नंबर आणि मिलिमीटर

चिंचगुळ
जूनच्या मध्यात शाळा सुरू. काळे वेल्क्रोचे बूट ऑनलाइन मागवायचे आहेत. मुलगी ६ वर्षांची. भिंतीला टाच टेकवून, प्लास्टिकची फूटपट्टी जमिनीवर भिंतीला भिडवून माप घेतलं. डावा १७४ मिमी, उजवा १७१ मिमी. पट्टीचा शून्य कडेपासून ४ मिमी आत आहे. ते धरायचं की सोडून द्यायचं?
एका तक्त्यानुसार १० नंबर येतो, दुसऱ्यानुसार ११, तिसरीकडे ‘ईयू २९’. दोन पायांत ३ मिमी फरक असणं ठीक आहे का? आणि पुढे नक्की किती जागा सोडायची? घरातले म्हणतात अंगठाभर.

कातरकाम
४ मिमी धरायचेच. कड भिंतीला लागली आणि शून्य आत असला, तर पट्टी खरं माप तेवढंच कमी दाखवते. म्हणजे तुमचे आकडे १७८ आणि १७५. यूके पद्धतीत एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, ८.४७ मिमी. तुमचे ४ मिमी सोडले असते तर जवळजवळ अर्धा नंबर तिथेच गेला असता. कंपासपेटीतल्या बहुतेक पट्ट्यांना अशी मोकळी कड असते. स्टीलच्या पट्टीला बहुधा नसते, तरी बघून घ्यावं. शिंप्याची कापडी टेप जुनी झाली की ताणलेली असते, ती नको. सुताराच्या स्टील टेपचा पुढचा हूक थोडा हलतो, तो मात्र बिघाड नाही. हूक स्वतःच्या जाडीइतका मागेपुढे होतो आणि माप बरोबर येतं.

दोन पायांत २-३ मिमी फरक अगदी नेहमीचा. बूट मोठ्या पायाला घ्यायचे. तुमच्यासाठी पुढचा सगळा हिशेब १७८ वर.

जास्वंदी
भिंतीबद्दल एक. टाचेचा सर्वांत मागचा भाग जमिनीवर नसतो, जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटर वर असतो. फ्लॅटमधलं स्कर्टिंग तीन-चार इंच उंच असतं, त्यामुळे टाच स्कर्टिंगला टेकते आणि माप ठीक येतं. पण जुन्या घरात भिंत आणि फरशीच्या कोपऱ्यात सिमेंटची गोलाई केलेली असते. तिथे पट्टी गोलाईवर चढते, टाच भलतीकडेच टेकते आणि आकड्याला काही अर्थ उरत नाही. अशा वेळी बंद दाराची फळी किंवा कपाटाची सपाट बाजू वापरा. तीही नसेल तर बुटांचाच रिकामा खोका वजन ठेवून भिंतीला लावा आणि त्याला टाच टेकवा.

पुढच्या टोकाला पेन्सिलची खूण करू नका. पायाच्या सर्वांत लांब बोटाला दुसरा खोका किंवा जाड पुस्तक काटकोनात भिडवा, पाय काढून घ्या आणि भिंत ते पुस्तक अंतर मोजा. सर्वांत लांब बोट अंगठाच असेल असं नाही. बऱ्याच मुलांत दुसरं बोट पुढे असतं.

उंबरठा
पेन्सिलने पायाची बाह्यरेषा काढायची सोपी पद्धत असताना एवढा खटाटोप कशाला?

जास्वंदी
कारण बाह्यरेषेत दोन चुका असतात आणि त्या उलट दिशांना जातात. पेन्सिल साधारण ७ मिमी जाड. टोक मध्यभागी असतं, म्हणून उभी धरली तरी रेष पायापासून साडेतीन मिमी बाहेर पडते. टाचेकडे साडेतीन, बोटांकडे साडेतीन, मिळून ७ मिमी वाढ. दुसरीकडे, हात दमला की पेन्सिल तिरकी होते आणि टोक टाचेच्या गोलाईखाली आत शिरतं. तिथे काही मिलिमीटर कमी होतात. कोणती चूक किती झाली ते नंतर कागद बघून कळत नाही.
बाह्यरेषा काढायचीच असेल तर बॉलपेनची नुसती रिफिल उभी धरून काढा. ती पायाचा आकार समजायला उपयोगी पडते, बोटं गोलसर आहेत की एका बाजूला उतरती, पंजा केवढा रुंद. लांबी मात्र खोक्यानेच.

ओल्या पायाचा ठसा तर माप म्हणून अजिबात नको. ठसा फक्त जमिनीला टेकलेल्या भागाचा उमटतो. टाचेची मागची गोलाई आणि बोटांचं टोक दोन्ही जमिनीपासून वर असतात, त्यामुळे तो खऱ्या लांबीपेक्षा बराच आखूड येतो.

टाचपंजा
लहान मुलांचं फिजिओथेरपीचं काम करते, म्हणून उभं राहण्याबद्दल लिहिते.

माप उभ्यानेच, दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन. वजन पडलं की कमान थोडी पसरते, पाय काही मिलिमीटर लांब आणि रुंद होतो. मांडीवर बसवून घेतलेलं माप म्हणूनच कमी येतं. शक्यतो संध्याकाळी घ्या, दिवसभर पळून पाय थोडा फुगलेला असतो आणि बुटात त्यालाच मावायचं असतं. नखं आधी कापा.

खरी अडचण असते ती ‘हलू नको’ म्हटल्यावर. मूल बोटं आत ओढतं. खाली वाकून पायाकडे बघू लागलं की वजन पुढे जातं आणि टाच भिंतीपासून सुटते. म्हणून दोन माणसं हवीत. एकाने मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर काहीतरी दाखवत बोलत राहायचं, दुसऱ्याने मोजायचं. मोजणाऱ्याने एक हात घोट्याच्या पुढच्या बाजूला ठेवून टाच हलकेच मागे धरावी आणि बोटांवरून हात फिरवून ती सरळ करून घ्यावी. प्रत्येक पाय तीनदा मोजा. तिन्ही आकडे २ मिमीच्या आत आले तर मधला धरा. नाही आले तर मूल कंटाळलंय, उद्या बघा.

दीड-दोन वर्षांचं मूल उभं राहतच नसेल तर कमी उंचीच्या पाटावर बसवा, तळवा पूर्ण टेकवा, गुडघा काटकोनात, आणि गुडघ्यावरून हलका दाब द्या. पूर्ण उभ्याइतकं नाही, पण जवळचं माप येतं. चालायलाच न लागलेल्या बाळाला मापाचे बूट लागत नाहीत.

चिंचगुळ
धन्यवाद. १७८ धरते. आता पुढची जागा?

कातरकाम
१२ मिमी. १० पेक्षा कमी नको, १७ च्या पुढे नको. चालताना प्रत्येक पावलाला पाय बुटात थोडा पुढे सरकतो आणि बोटं लांबतात, त्याला काही जागा लागते. उरलेली वाढीसाठी. ‘अंगठाभर’ हा मोठ्या माणसाचा अंगठा असतो, साधारण २० मिमी रुंद. मोठ्यांच्या बुटाला फार वाईट नाही, लहान मुलाला जास्त होतो. बाईच्या हाताची करंगळी १२ मिमीच्या आसपास भरते. अंदाजच घ्यायचा असेल तर करंगळी.

आता तुमच्या तिन्ही तक्त्यांचं कोडं. यूके पद्धतीत मुलांचा शून्य नंबर ४ इंचांना, पुढे दर नंबरला एक तृतीयांश इंच. १३ पर्यंत मोजून पुन्हा १ पासून सुरू. आपल्याकडे दुकानात हीच पद्धत चालते आणि तक्त्यात ‘इंडिया’ लिहिलेला नंबरही बहुधा यूकेचाच असतो. युरोपीय पद्धतीत एक नंबर म्हणजे ६.६७ मिमी. दोन्हीकडे आकडा फर्म्याच्या लांबीचा, म्हणजे ज्या साच्यावर बूट चढवतात त्याच्या लांबीचा आहे, पायाच्या लांबीचा नाही. म्हणून :

यूके १० : १८६ मिमी
यूके ११ : १९५ मिमी
यूके १२ : २०३ मिमी
ईयू २८ : १८७ मिमी
ईयू २९ : १९३ मिमी
ईयू ३० : २०० मिमी

तुम्हाला हवेत १७८ + १२ = १९०. १० नंबरात पुढे फक्त ८ मिमी उरतात, ११ मध्ये १७, ईयू २९ मध्ये १५. तिन्ही तक्ते वेगवेगळं सांगत होते कारण तुमचा पाय दोन नंबरांच्या मधोमध पडतो. १० नको. २९ खऱ्या युरोपीय फर्म्याचा मिळाला तर उत्तम, नाहीतर ११ घ्या, पण वेल्क्रो किंवा नाडीचाच. बिनपट्ट्याच्या बुटात १७ मिमी जागा सोडली तर टाच उचलली जाणार.

हे सगळं कागदावरचं आहे, बरं का. टोकदार फर्मा लांब असूनही आत बोटांना जागा कमी देतो, आणि प्रत्येक कारखान्याचे फर्मे वेगळे. म्हणून बूट हातात आल्यावर आतून मोजल्याशिवाय नंबरावर विश्वास ठेवू नये.

उंबरठा
एवढं करण्यापेक्षा सरळ १२ नंबर घ्या आणि पुढे कापूस भरा. वर्षभर बघायला नको. बूट काही स्वस्त मिळत नाहीत हल्ली.

कातरकाम
१२ मध्ये २५ मिमी रिकामे राहतील. बूट मुडपायची जागा ठरलेली असते, चवड्याखाली, जिथे पाय बोटांच्या मुळाशी वाकतो. बूट लांब घेतला की ती जागा पायाच्या पुढे जाते. मूल पाऊल टाकतं तेव्हा पाय एका ठिकाणी वाकतो आणि सोल दुसऱ्या ठिकाणी. वर चामड्याची घडी बोटांवर दाबते, मागे टाच घासून फोड येतो. कापसाच्या बोळ्याने लांबी भरते, ही जागा काही मागे सरकत नाही. शिवाय दोन दिवसांत बोळा घट्ट होऊन बोटांना टोचतो.

टाचपंजा
त्यात भर, सैल बूट निसटू नये म्हणून मूल दर पावलाला बोटं आवळून चालतं. जिन्यात ठेचकाळतं ते वेगळंच.
वर्षभर पुरण्याचा हिशेब मात्र करता येतो. पायाची वाढ साधारण अशी : १ ते ३ वर्षं महिन्याला दीड मिमीपर्यंत, ३ ते ५ वर्षं १ मिमीच्या आसपास, त्यापुढे १० वर्षांपर्यंत त्याहून थोडी कमी. सहा वर्षांच्या मुलीचा पाय जून ते एप्रिल या दहा महिन्यांत ८-९ मिमी वाढेल असं धरा. ११ नंबरात १७ ने सुरुवात झाली तर एप्रिलला ८ उरतील. म्हणजे एकच नंबर मोठा वर्षभर पुरतो. १० घेतला असता तर दिवाळीच्या सुट्टीतच बोटं टेकायला लागली असती. शिल्लक जागा ५ मिमीच्या खाली गेली की बूट बदला, वरून कितीही नवे दिसोत. वाढ सरळ रेषेत होत नाही, म्हणून दिवाळीत एकदा मोजाच. तीन वर्षांखालच्या मुलांचं दर दोन महिन्यांनी, सहापर्यंत तीन-चार महिन्यांनी, पुढे सहामाही पुरे.

चिंचगुळ
बूट आतून कसा मोजायचा? टेप आत वळते.

जास्वंदी
पुठ्ठ्याची पट्टी. लग्नपत्रिकेचा किंवा कॅलेंडरच्या मागचा पुठ्ठा घ्या, साधा कागद आत गोळा होतो आणि खोटं सांगतो. रुंदी २ सेंटिमीटर. लांबी पाय + १२, तुमच्याकडे १९० मिमी. पुढचं टोक गोल कापा, नाहीतर कोपरे बुटाच्या निमुळत्या भागात अडतात. १७८ वर पेनाने आडवी रेघ मारा.

पट्टी बुटात सपाट सरकवा, टोक पुढे टेकेपर्यंत, टाचेचा मध्य आणि दुसरं बोट या रेषेत. मग मागे बघा. पट्टी मध्ये फुगली तर बूट आखूड. मागे २-३ मिमी फट राहिली तर हवा तसा. ५ च्या आसपास फट म्हणजे तुमच्या हिशेबातला ११ नंबर. फट ८ च्या पुढे गेली तर तो बूट लांब आहे, डबीवर काहीही छापलेलं असो.

सुकतळा बाहेर निघत असेल तर त्यावर मुलाला उभं करून पाहणंही चांगलं, रुंदी लगेच दिसते. लांबीसाठी पूर्ण भरवसा ठेवू नका. सुकतळ्याचं पुढचं टोक बुटाच्या उतरत्या छपराखाली जातं, तिथे बोट पोचतच नाही.

पाणकणीस
ऑनलाइन तक्ता कोणत्या लांबीचा आहे हे कसं ओळखायचं? कुठे ‘पायाची लांबी’ लिहितात, कुठे नुसते ‘सेंमी’.

कातरकाम
यूके १० समोरचा आकडा बघा. १७.० ते १७.५ असेल तर तो पायाचा, जागा त्यांनी धरलेली आहे, वर १२ मिळवू नका. १८.५ च्या आसपास असेल तर बुटाच्या आतला, मिळवा. मग दोन नंबरांमधलं अंतर बघा. यूकेच्या तक्त्यात ते सगळीकडे ८ ते ९ मिमी हवं. एका ओळीत ६-७ आणि पुढच्या ओळीत १३ असेल तर कोणीतरी ईयूचे आकडे यूकेच्या नंबरांसमोर चिकटवलेत. अशा विक्रेत्याला आतली लांबी विचारा, उत्तर नाही आलं तर सोडून द्या.

राइनकाठ
परदेशातल्या नातेवाइकांकडून मागवणाऱ्यांसाठी : नंबर कळवू नका, मिलिमीटर कळवा. अमेरिकेत मुलांचा नंबर यूकेपेक्षा साधारण अर्धा ते एकने मोठा लिहितात. जपानी बुटांवर सेंटिमीटर असतात आणि ते पायाचे, बुटाचे नव्हेत. ब्रिटनमध्ये मुलांच्या बुटांना नंबरापुढे रुंदीचं अक्षरही असतं, एफ मध्यम, जी रुंद. इथे जर्मनीत काही मुलांच्या बुटांवर डब्ल्यू, एम, एस अशी अक्षरं दिसतात, रुंद, मध्यम, अरुंद. आपल्या मुलांच्या पायांना बरेचदा डब्ल्यू लागतो, एस जवळजवळ कधीच नाही.

पाणकणीस
रुंदीच्या या अक्षरांसारखं आपल्याकडे काहीच नाही का?

कातरकाम
शाळेच्या बुटांत नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ मध्ये ७९ ठिकाणी एक लाखाहून जास्त लोकांचे पाय स्कॅन केले आणि ‘भा’ नावाची भारतीय मापपद्धत सुचवली. भारतीय पाय रुंद भरतात हे त्यात पुढे आलं. त्यात वयानुसार आठ गट आहेत, मुलांसाठी ० ते १, १ ते ३, ४ ते ६, ७ ते ११ असे, पुढे मुली आणि मुलगे वेगळे. तुमच्या गल्लीतलं दुकान अजून यूकेवरच चालतं, त्यामुळे आजच्या खरेदीला त्याचा उपयोग शून्य.

रुंदी घरी अशी बघा. एक सेंटिमीटर रुंदीची कागदाची पट्टी उभ्या पायाच्या चवड्याभोवती, अंगठ्याच्या मुळाशी येणारा उंचवटा ते करंगळीच्या मुळाशी येणारा उंचवटा, तिरकी गुंडाळा आणि खूण करा. ही रेषा तिरकीच असते, काटकोनात घेतली तर कमी येते. सुतळी किंवा लोकर ताणते, नको. दोन-तीन जोडांतून एक निवडायचा असेल तर हा आकडा दुकानात विचारायला कामी येतो. पण खरा निर्णय घालून बघितल्यावर. चवड्यावरचं चामडं चिमटीत धरा. अजिबात धरता येत नसेल तर अरुंद, मोठी घडी आली तर ढगळ. वेल्क्रोचा पट्टा पूर्ण जागेवर पोचायला हवा, अर्ध्यावर चिकटत असेल तर पायाची वरची बाजू उंच आहे, तो साचा तुमचा नाही.

आणि रुंदीसाठी लांबी वाढवू नका! दुकानदार हमखास तेच सुचवतो, कारण त्याच्याकडे दुसरं काही नसतं. पुढून गोल किंवा चौकोनी तोंडाचा बूट शोधा, निघणारा जाड सुकतळा काढून पातळ घाला.

उंबरठा
चामड्याचे बूट वापरून सैल होतात ना पण?

कातरकाम
रुंदीत थोडे. लांबीत नाही, पुढचं आणि मागचं टोक आतून कडक केलेलं असतं. आणि शाळेचे बहुतेक बूट आता चामड्याचे नसतातच, कृत्रिम रेक्झिन ना रुंदीत सुटतं ना लांबीत.

टाचपंजा
‘टोचतंय का?’ या प्रश्नाच्या उत्तरावर तर मुळीच जाऊ नका. लहान मुलांची हाडं अजून बरीचशी कूर्चेची, मऊ असतात. पाय दबून मावतो आणि मूल ‘बसतंय’ म्हणतं, त्यातून बूट आवडलेला असेल तर जास्तच. बुटाचं टोक वरून दाबून बघणंही फसवं आहे, दाबलं की मूल बोटं आत घेतं, आणि शाळेच्या बुटाचं टोक इतकं कडक असतं की खाली काय आहे कळत नाही. त्यापेक्षा मोजे घालून पंधरा मिनिटं चालवा, मग बूट-मोजे काढून पाय बघा. मोज्याच्या विणीचे ठसे लगेच जातात, त्यांची काळजी नको. करंगळीच्या बाजूला, अंगठ्याच्या टोकाला किंवा टाचेच्या वर लाल पट्टा अर्ध्या तासानेही तसाच असेल तर बूट परत.

सपाट तळव्याबद्दल कोणी विचारण्याआधी : पाच-सहा वर्षांपर्यंत कमान न दिसणं नेहमीचं आहे. त्यासाठी सुकतळ्यात कमानीचा उंचवटा घालू नका. दुखत असेल, मूल लंगडत असेल किंवा एकाच पायाचा तळवा सपाट असेल तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

पाणकणीस
पावसाळी गमबुटांना हेच लागू?

जास्वंदी
पुठ्ठ्याची पट्टी हो, त्याच मापाची. नळी उंच असल्यामुळे मागची फट डोळ्यांना दिसत नाही, तिथे पट्टीच्या मागे बोट घालून चाचपा. गमबुटाला आवळायला काही नसतं, त्यामुळे १२ च्या वर जाऊ नका, आणि एका पावसाळ्यापुरताच घ्या.

चिंचगुळ
मोठ्या बहिणीचे ११ नंबरचे बूट घरात आहेत, फारसे वापरलेले नाहीत.

कातरकाम
मग आधी त्यात पट्टी घालून बघा. टेबलावर ठेवून मागून पाहा, टाच एका बाजूला झिजून बूट कलत असेल तर नको. सुकतळ्यावर बोटांचे खोल खड्डे असतील तर सुकतळा बदला. सोल सरळ असेल, चवड्यापाशीच मुडपत असेल तर खुशाल वापरा.
नवे मागवलेच तर ते संध्याकाळी, शाळेचेच मोजे घालून, सतरंजीवर चालवून बघा. फरशीवर दोन फेऱ्या मारल्या तरी सोलवर ओरखडे येतात आणि परत घेणारा तेवढंच कारण दाखवतो. टॅग शेवटी कापा.